सोसायटीतला आदर्श

पुण्यातल्या कुठल्याही सहकारी गृहरचना संस्थेत अध्यक्ष, सचिव आणि खजिनदार ही तीन पदं असतातच. चौथं पद उपविधीत कुठे लिहिलेलं नाही, पण ते रिकामं ठेवायची कोणत्याच संस्थेची छाती होत नाही. हे पद म्हणजे आदर्श. त्याची निवडणूक होत नाही, त्याला मानधन नाही आणि तो संस्थेत राहतही नाही. तो न्यू जर्सीत राहतो. नाहीतर डॅलसला. कॅलिफोर्नियात असेल तर मान जरा जास्त, कारण तिथली घरं किती महाग आहेत हे आता आमच्या दूधवाल्यालाही पाठ आहे. संस्थेत राहतात ते त्याचे आईवडील, आणि पदाची सगळी कामं त्याच्या वतीने तेच बघतात. मुंबईत आदर्श नावाची अख्खी सोसायटी होती आणि तिचं पुढे काय झालं ते आपण पेपरात वाचलं. पुण्यात तसं नाही. इथे सोसायटीचं नाव कुठल्यातरी फुलाचं असतं आणि आदर्श परदेशी असतो.

कामं बरीच असतात. दहावीच्या मुलाने वही बाजूला सारून मॅच लावली की आदर्श दाखवायचा. बारावीच्या मुलीने चित्रकलेला जायचं म्हटलं की आदर्श दाखवायचा. लिफ्ट बंद पडली, कचऱ्याची गाडी आली नाही, समोरच्या बिल्डिंगमध्ये ढोल-ताशाचा सराव सुरू झाला की त्याच्या वडिलांकडे बघायचं, मग ते एक सुस्कारा सोडून म्हणतात, "तिकडे असलं काही नाही हो." एवढ्याने लिफ्ट सुरू होत नाही, पण जिना चढताना बोलायला विषय मिळतो.

आमच्या कोथरूडच्या सोसायटीतला आदर्श तिसऱ्या मजल्यावरचा. तो अमेरिकेला गेला तेव्हा त्याला दहावीला एक्क्याऐंशी टक्के होते. मी तेव्हा पेढा खाल्लेला आहे, त्यामुळे आकडा पक्का. तो गेल्यावर टक्के दरवर्षी थोडे थोडे वाढत गेले आणि मध्यंतरी कोणाच्या तरी मुंजीत मी ऐकलं तेव्हा ते चौऱ्याण्णववर पोचले होते. बँकेतल्या मुदत ठेवीला असं व्याज मिळालं असतं तर त्याला अमेरिकेला जावंच लागलं नसतं.

हा प्रकार आजकालचा आहे असं म्हणणाऱ्यांनी गोपाळराव जोशींची आठवण काढावी. जन्माने नसले तरी वृत्तीने हे गृहस्थ अस्सल पुणेकर. पोस्टात नोकरीला होते. १८७८ मध्ये त्यांनी कोल्हापूरहून एका अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिलं: मला तुमच्या देशात काही नोकरी मिळेल का, आणि माझ्या बायकोला तिथे शिकता येईल का? नोकरी आणि कुटुंब असा जोड-अर्ज करणारे पहिले मराठी गृहस्थ बहुधा हेच. उत्तर आलं की ख्रिस्ती होत असाल तर बघू. इथे विषय संपायचा. पण ते पत्र एका मिशनरी मासिकात छापून आलं आणि तो अंक फिरत फिरत न्यू जर्सीत एका दाताच्या डॉक्टरच्या दवाखान्यात जाऊन पडला. तिथे रोझेल गावची थिओडिशिया कार्पेंटर नावाची बाई आपला नंबर यायची वाट बघत बसली होती. वेळ जाईना म्हणून तिने अंक चाळला, पत्र वाचलं, आणि हजारो मैलांवरच्या अनोळखी मुलीला पत्र लिहायचं ठरवलं. पुणे-न्यू जर्सी संबंध हे असे एका दाढदुखीतून सुरू झाले. आज कोथरूडची निम्मी पिढी तिथल्या एडिसनला आहे, तिने आपल्या डेंटिस्टच्या टेबलावरची जुनी मासिकं जरा आदराने हाताळायला हवीत.

पुढे झालं ते गोपाळरावांच्या अर्जाच्या बरोबर उलट. नवऱ्याला नोकरी मिळाली नाही, बायको एकटी गेली. १८८३ च्या एप्रिलमध्ये आनंदीबाई कलकत्त्याहून बोटीत बसल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. फिलाडेल्फियाच्या थंडीत, शाकाहारावर राहून त्यांनी ११ मार्च १८८६ रोजी डॉक्टरकीची पदवी घेतली. गोपाळराव मागाहून गेले. म्हणजे मराठी इतिहासातला पहिला 'डिपेन्डन्ट' पुरुष होता, ही गोष्ट आपल्या स्थळं बघणाऱ्या मंडळांनी का दडवून ठेवली कळत नाही. आणि तिथे पोचल्यावर या गृहस्थांनी काय करावं? अमेरिकेत जागोजागी व्याख्यानं देऊन अमेरिकेलाच नावं ठेवली! ज्यांच्या घरी जेवायचं त्यांच्या संस्कृतीत काय काय खोट आहे हे त्यांना समोर बसवून सांगायचं, याला जे काळीज लागतं ते सदाशिव पेठेच्या पाण्याशिवाय तयार होत नाही.

आनंदीबाई परत आल्या त्या क्षयाने खंगून. समुद्र ओलांडला म्हणून नाकं मुरडणारं पुणं आता त्यांचं कौतुक करायला येऊ लागलं होतं. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात नेमणूक झाली होती, ती कागदावरच राहिली. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात त्या गेल्या तेव्हा बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठवल्या गेल्या आणि न्यूयॉर्क राज्यात पोकीप्सीला त्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवल्या गेल्या. आज शुक्र ग्रहावरच्या एका विवराला त्यांचं नाव आहे. एवढं सगळं झाल्यावर आपण त्यांच्यावर शाळेत भाषणं करतो आणि त्यात त्या शेवटी परत का आल्या, कशाने गेल्या, हा भाग वेळेअभावी गाळतो. आदर्शाच्या गोष्टीतला परतीचा प्रवास कोणालाच नको असतो.

गोपाळराव मात्र पुण्यात परत येऊन थांबले नाहीत. १४ ऑक्टोबर १८९० रोजी पंचहौद मिशनमध्ये शहरातल्या बड्या मंडळींना चहा-बिस्किटांचं बोलावणं गेलं. निमंत्रण मिशनचं, डोकं गोपाळरावांचं. न्यायमूर्ती रानडे आले, टिळक आले. कोणी चहा घेतला, कोणी शिष्टाचार म्हणून कप हातात धरला. मग गोपाळरावांनी उपस्थितांची यादी 'पुणे वैभव' मध्ये छापून आणली, आणि त्या एका कपावरून ग्रामण्य, शंकराचार्यांचं कमिशन, प्रायश्चित्तं असा धुरळा काही वर्षं उडत राहिला. माणूस अमेरिकेला जाऊन आला, जग बघून आला, आणि आल्यावर त्याने काय साधलं, तर पुण्याची जिरवली!

माझं सगळं म्हणणं एवढंच आहे. पुणेकराला अमेरिका हवी असते ती अमेरिकेसाठी नव्हे. त्याला पुण्याला काहीतरी दाखवून द्यायचं असतं, आणि ते पुण्यात राहून दाखवता येत नाही, कारण इथे काहीही केलं तरी ते आधी कोणीतरी, याच्यापेक्षा चांगलं आणि बहुधा टिळक रोडवर, केलेलं असतं. म्हणून सात समुद्र ओलांडून जायचं आणि तिथून इकडे तोंड करून उभं राहायचं.

या दृष्टीने १९८१ हे साल बघण्यासारखं आहे. त्या वर्षी उन्हाळ्यात कोरेगाव पार्कातून भगवान रजनीश अमेरिकेला गेले. आणि जेमतेम महिन्याभरात, जुलैत, सात इंजिनिअरांनी दहा हजार रुपये भांडवलावर पुण्यात इन्फोसिस नावाची कंपनी काढली, जिचं पहिलं गिऱ्हाईक न्यूयॉर्कचं होतं. एका टोकाला भगवान अमेरिकेला निघालेले, दुसऱ्या टोकाला माणसं घरी बसून अमेरिकेचं काम करणारी. दोन्हींपैकी कशात पैसा आहे, हे त्या वेळी पुण्यातल्या कोणालाही विचारलं असतं तर उत्तर चुकलं असतं. (इन्फोसिस १९८३ मध्ये बंगळुरूला गेली. हा विषय पुण्यात काढत नाहीत.)

भगवानांची कथा व्हिसाच्या अंगाने वाचावी अशी माझी शिफारस आहे. त्यांच्या ९३ रोल्स रॉइस गाड्या, ओरेगनमधली चौसष्ट हजार एकरांची रँच, तिथलं रजनीशपुरम हे सगळं तुम्ही ऐकलेलं असेल. पण १९८५ मध्ये ते अडकले कशात? प्रवासी व्हिसाचा अर्ज करताना तिथेच कायम राहायचा आपला बेत होता हे लपवलं, हा एक आरोप. आणि भक्तांना तिथे राहता यावं म्हणून खोटी लग्नं लावण्याच्या कटाचा दुसरा. गुन्हा कबूल करायचा नाही पण शिक्षा मान्य करायची, अशी अमेरिकन कायद्यात एक सोय आहे, तिचाच त्यांनी आधार घेतला. चार लाख डॉलर दंड भरला आणि देश सोडला. १९८७ च्या जानेवारीत स्वारी परत कोरेगाव पार्कात. ज्या माणसाने भल्याभल्यांचा अहंकार सोडवला त्याला शेवटी विचारला गेलेला प्रश्न तोच होता, जो मुंबईच्या खिडकीत आमच्या सोसायटीतल्या प्रत्येक पोराला विचारतात: परत येणार ना?

मुंबईच्या खिडकीत, कारण पुण्याला अमेरिकेची वकिलात नाही. हैदराबादला आहे. शिवाय हैदराबादजवळ चिलकूरचा बालाजी आहे, जो अकरा प्रदक्षिणांत व्हिसा देतो अशी ख्याती. पुण्याला दशभुजा गणपतीवर भागवावं लागतं, आणि त्याच्या वाट्याला दहावीपासून वाहन खरेदीपर्यंत इतकी खाती आहेत की परराष्ट्र व्यवहाराला त्याला उसंत नाही. मग पहाटे तीनला गाडी करून मुंबईची, बीकेसीतली वकिलात गाठायची. बरोबर आई, बाबा, मामा आणि फायलींची एक पिशवी, ज्यात मुंजीच्या पत्रिकेपासून सगळं असतं. आत एकट्याने जायचं असतं, म्हणून बाकीचे रस्त्याच्या कडेला उभे राहून, बाहेर येणाऱ्या प्रत्येकाचा चेहरा वाचतात. मुलाखत दोन मिनिटांची. नकार मिळाला तर एक छापील कागद मिळतो आणि त्यावर कलम २१४ (ब), म्हणजे तुम्ही परत याल अशी आमची खात्री पटलेली नाही. घरी येईपर्यंत खालापूरच्या फूड मॉलवर वडापाव खाताना सगळ्यांचं ठरलेलं असतं: "त्याला इथेच काहीतरी करायचंय. पहिल्यापासून त्याचा तोच विचार होता."

नकाराला पुण्याने दिलेलं त्यातल्या त्यात बरं उत्तर सी-डॅकचं. अमेरिकेने क्रे कंपनीचा सुपरकॉम्प्युटर द्यायला आढेवेढे घेतले, म्हणून १९८८ मध्ये पुण्यात ही संस्था उभी राहिली आणि विजय भटकरांच्या चमूने १९९१ मध्ये 'परम' तयार केला. पण दर घरी भटकर नसतात. दर घरी मामा असतो, तो म्हणतो पुन्हा अर्ज करू.

समजा गेला. शिकला. नोकरी लागली. आता एच-वन-बी, म्हणजे तिथे काम करायचा व्हिसा. आमच्याकडच्या ज्या घरांत आजवर कोणी लॉटरीचं तिकीट हातात धरलं नाही, पत्ते खेळायचे तेही बदाम सात, त्या घरांत मार्च महिना आला की सोडतीची चर्चा. वर्षाला जागा पंच्याऐंशी हजार, अर्ज लाखांनी, आणि कोणाचा नंबर लागणार ते संगणक ठरवणार. पोरगं विद्यापीठात पहिलं आलं असलं तरी त्याचं नशीब संगणकाच्या हाती. आई सोळा सोमवार धरते. वडील बुद्धिवादी, ते नुसतं विचारतात, "सोमवार किती झाले?"

मग ग्रीन कार्ड. त्याची गंमत अशी की नोकरीवाल्यांसाठी वर्षाला एक लाख चाळीस हजार कार्डं, आणि कुठल्याही एका देशाला सात टक्क्यांहून जास्त नाहीत. देश मोठा असो की नखाएवढा, वाटा तोच. त्यामुळे भारतीयांची रांग अशी तुंबली आहे की २०२५ च्या मध्यावर एका नेहमीच्या वर्गात २०१३ च्या जानेवारीपर्यंत अर्ज आलेल्यांचा नंबर लागत होता. दर महिन्याला 'व्हिसा बुलेटिन' येतं आणि ते तिकडे पंचांगासारखं वाचतात: या महिन्यात तारीख किती पुढे सरकली, वक्री तर झाली नाही ना. हो, मागेही जाते. शनीला लाज वाटेल अशी तिची चाल आहे.

शनीवरून आठवलं. १९ सप्टेंबर २०२५ ला ट्रम्पसाहेबांनी फर्मान काढलं की नव्या एच-वन-बी अर्जाला एक लाख डॉलर भरावे लागतील, अंमल २१ तारखेपासून. एक लाख डॉलर म्हणजे आमच्या बाजूला एक बेडरूमचा फ्लॅट. नियम नव्या अर्जांपुरता आहे हा खुलासा व्हायच्या आधी सुट्टीवर आलेल्यांची जी पळापळ झाली ती विचारू नका. आमच्याकडे चर्चा मात्र डॉलरची झालीच नाही. आमच्या तळमजल्यावरच्या काकांनी कॅलेंडर काढून दाखवलं: २१ सप्टेंबरला सर्वपित्री अमावास्या. "ऐन पितृपक्षात कोणी नवं काम सुरू करतं का?" ते म्हणाले. "व्हाइट हाउसमध्ये एवढे हजार लोक, एकाला कालनिर्णय बघता येऊ नये?" दुपारी पितरांची पानं वाढली गेली आणि जिवंत मंडळी तिकिटं शोधत बसली.

ट्रम्पसाहेबांशी आमचे संबंध तसे घरगुती आहेत. त्यांच्या नावाचे भारतातले पहिले मनोरे कुठे उभे राहिले? कल्याणीनगरला. ज्याला अमेरिकन स्वप्न विनाव्हिसा बघायचं असेल त्याने रिक्षाने तिथवर जाऊन मान वर करावी. आत जायचं म्हटलं तर गेटवरचा सिक्युरिटी जे प्रश्न विचारतो त्यापुढे बीकेसीची खिडकी परवडली.

आता आदर्श प्रत्यक्ष येतो तो डिसेंबरात. दोन आठवडे. त्यात दाताचं काम, चष्मा, आईचा मोतीबिंदू, एक लग्न, दोन वास्तुशांती आणि सोसायटीच्या हॉलमध्ये मुलांना मार्गदर्शन. मी त्या कार्यक्रमाला मुद्दाम गेलो होतो. सतरंज्या घातलेल्या, माइक नेहमीप्रमाणे शिट्टी वाजवणारा, मागे समोसे. आणि तुम्हाला सांगतो, त्या बिचाऱ्याने खोटं एक अक्षर बोललं नाही. सगळी भानगड तिथेच झाली.

"घर स्वतःचं ना?" कोणीतरी विचारलं.

"बँकेचं आहे काका. तीस वर्षांचं कर्ज."

सगळे कौतुकाने हसले. माझ्या शेजारच्या काकू कुजबुजल्या, "किती विनयी आहे बघा."

"आजारी पडलात तर?"

"साध्या तापाला डॉक्टरची वेळ दोन आठवड्यांनी मिळते. तोवर ताप जातो."

"म्हणजे औषधाशिवाय बरे होतात!" तळमजल्यावरचे काका म्हणाले. "आपल्याकडे शिंक आली की अँटिबायोटिक."

"बर्फ कसा असतो रे दादा?" एका पोराने विचारलं.

"पहाटे उठून फावड्याने उपसावा लागतो. घरासमोरच्या फुटपाथवर कोणी घसरून पडलं तर आपल्यावर दावा लावू शकतो."

"शिस्त! ही नागरिकांची शिस्त!" आमचे सचिव उभे राहून म्हणाले, आणि सोसायटीसमोरच्या तुंबलेल्या गटाराची चर्चा टाळायची संधी साधून टाळ्या सुरू केल्या.

शेवटी त्याने जिवावर उदार होऊन सांगितलं की नोकरी गेली तर दुसरी शोधायला साठ दिवस मिळतात. तेवढ्यात मिळाली नाही तर बायको, मुलं, घर, गाडी सगळं आवरून देश सोडायचा. हॉलमध्ये एक क्षण शांतता पसरली. मला वाटलं, पोचलं आता. मग खजिनदार म्हणाले, "साठ दिवस देतात? आमच्या कंपनीने सकाळी चहा दिला आणि दुपारी पत्र."

पोराने माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत मी जे वाचलं ते असं, की आपण देव आहोत हे माणसाला एकदा लोकांनी ठरवून दिलं की त्याची सुटका नाही. तो कबुली देत गेला, लोक ती प्रसाद म्हणून वाटून घेत गेले.

कार्यक्रम संपल्यावर त्याने आपला चहाचा कप स्वतः विसळला. बायकांच्या घोळक्यात खळबळ उडाली. त्याच्या आईने घाईघाईने सांगितलं, "तिकडे डिशवॉशर आहे हो." पण तो माणूस त्या वेळी वेगळ्याच तंद्रीत होता. खाली इस्त्रीवाला कपड्यांचं गाठोडं घेऊन आला होता, आणि आमचा आदर्श त्याला विचारत होता की हे तुम्ही घरी येऊन नेता? आणि संध्याकाळी आणून देता? आणि घडी घालून? त्याला जाताना तो जिन्याच्या वळणापर्यंत बघत राहिला. स्वयंपाकाच्या मावशींनी पोळ्या लाटून, ओटा पुसून, "येते हो" म्हणून चप्पल घातली तेव्हाही त्याची तीच अवस्था होती. इथल्या आठवी-नववीच्या पोरांच्या डोळ्यांत अमेरिकेचं नाव काढल्यावर जी चमक येते, अगदी ती.

तिकडे आईवडिलांच्या वाऱ्या वेगळ्या. मुलीचं किंवा सुनेचं बाळंतपण हे कारण, सहा महिन्यांचा मुक्काम, तेवीस तेवीस किलोच्या दोन बॅगा. बॅग ताणकाट्याला लटकवून वजन करायचं, साडेतेवीस भरली की मेतकूट काढायचं आणि चकलीची भाजणी ठेवायची, मग भाजणी काढायची आणि मेतकूट ठेवायचं. रात्री बारापर्यंत हे चालतं. परत येताना त्याच बॅगांत बदाम. आता अमेरिकेबाहेर कॅलिफोर्नियाचे बदाम सर्वात जास्त विकत घेणारा देश आपलाच, भवानी पेठेत ते पोत्यांनी पडलेले असतात. पण आदर्शाच्या वडिलांनी विमानातून आणलेल्या बदामाची चव निराळी, असं दहा-दहा बदाम वाटले गेल्यावर सोसायटीने एकमताने ठरवलं. तिथल्या सहा महिन्यांत त्यांनी काय केलं हे खोदून विचारलं तर समजतं की रोज दुपारी खिडकीत बसून समोरून जाणाऱ्या गाड्या मोजल्या. माणूस एकदा दिसला, तो पोस्टमन होता.

पण एक मोठा सोहळा झाला. उत्तर अमेरिकेतल्या मराठी मंडळांची शिखर संस्था असलेलं बृहन्महाराष्ट्र मंडळ (जन्म पुन्हा १९८१ चाच) दर दोन वर्षांनी अधिवेशन भरवतं. २०२४ चं सॅन होजेला झालं. हे जोडपं तिथे विमानाने गेलं, हॉटेलात राहिलं आणि पुण्याहून आलेलं नाटक बघून, पुण्याच्या गायकाचं गाणं ऐकून, पुरणपोळी खाऊन धन्य होऊन आलं. यशवंतराव चव्हाण नाट्यगृह आमच्या सोसायटीपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. तिथे ही दोघं का जात नाहीत, असं मी विचारलं. काकू म्हणाल्या, "तिथे पार्किंग मिळत नाही."

कोथरूडच्या थोरात उद्यानात सकाळी साडेसातला गेलात तर बाकांवर ही सगळी मंडळी फोन कानाला लावून बसलेली दिसतील. तिकडे तेव्हा रात्र असते, जेवणं उरकलेली असतात. कुठल्या बाकावर ईस्टर्न टाइम, कुठल्या बाकावर सेंट्रल, हे ठरलेलं आहे. पॅसिफिकवाल्यांना थोडं उशिरा आलं तरी चालतं, त्यांना ऊनही जास्त लागतं. मार्चच्या दुसऱ्या रविवारी अमेरिकेची घड्याळं एक तास पुढे जातात आणि कोथरूडचा चहा एक तास अलीकडे येतो. अशा आईवडिलांची पुण्यात रीतसर संघटना आहे, त्यांच्या सहली निघतात, एकमेकांना दवाखान्यात सोबत करतात. "कसा आहेस, जेवलास का, इथे सगळं छान" एवढं बोलून झालं की फोन ठेवून ती एकमेकांना आपापले आदर्श ऐकवतात. गुडघ्याचं ऑपरेशन कधी ठरलंय ते फोनवर सांगितलेलं नसतं, ते बाकावर सांगतात.

गेल्या वर्षी मात्र आमच्याकडे अघटित घडलं. आदर्श परत आला. कायमचा. बायको, दोन मुलं आणि एक कंटेनर भरून सामान. कारण त्याने साधं सांगितलं: रांगेचा कंटाळा आला, आईचे गुडघे गेलेत, आणि इथे तेवढ्याच कामाची नोकरी मिळतेय. हे इतकं सरळ होतं की कोणाचाच विश्वास बसला नाही. पहिल्या आठवड्यात नोकरी गेली असणार असं ठरलं, दुसऱ्यात तब्येतीचं काहीतरी, तिसऱ्यात बायकोचं पटत नव्हतं. मुलं मराठी बोलतात हे कळल्यावर लोक जास्तच संशयाने बघायला लागले. आणि एक दिवस जिन्यात मी माझ्या कानांनी ऐकलं: "दहावीला तसे सत्तरच होते हो त्याला."

पद तर रिकामं ठेवता येत नाही. चौथ्या मजल्यावरची मुलगी रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन शिकत होती, तिला म्युनिकला प्रवेश मिळाला. आता लिफ्ट बंद पडली की चौथ्या मजल्यावरचे बाबा सुस्कारा सोडून म्हणतात, "जर्मनीत असलं काही नाही हो," आणि तिची फी किती कमी आहे हे ऐकून तळमजल्यावरच्या काकांनी नातवाला दुसऱ्याच दिवशी जर्मनच्या क्लासला घातलं. नातू तिसरीत आहे.

आमच्या माजी आदर्शाने परवा पहिल्यांदा वार्षिक सर्वसाधारण सभेत हात वर केला. कचऱ्याचं वर्गीकरण कसं करता येईल यावर त्याच्याकडे एक योजना होती, चित्रंबित्रं काढून आणलेली. "तिकडे आम्ही काय करायचो," त्याने सुरुवात केली.

सचिवांनी चष्मा कपाळावर चढवला. "तिकडचं राहू दे. तुझी गाडी पाहुण्यांच्या पार्किंगमध्ये उभी असते, त्याचं आधी बोल."